बंदुकीचा परवाना आणि धारकाची जबाबदारी

भाताचे पीक पोटरीवर आले की कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यास रात्रीची झोप उरत नाही. रानडुकरांचा एक कळप चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत उद्ध्वस्त करून जातो. अशा वेळी पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला जातो व यथावकाश तो मंजूरही होतो. बंदूक घरी येते तो दिवस समाधानाचा असतो. परंतु त्याच दिवसापासून क्षणभराच्या चुकीने जीव घेणारी वस्तू घरात नांदू लागते, याची जाणीव धारकास व त्याच्या कुटुंबीयांस असावयास हवी.

परवाना कशाचा?

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस परवाना मिळत नाही. पीकसंरक्षणासाठी या कायद्याने प्रामुख्याने ठासणीची बंदूक अभिप्रेत धरली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास, किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली आणि एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हे विशेष लक्षात ठेवावे. रानडुक्कर व नीलगाय हे दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ते उभ्या पिकास उपद्रवी ठरले तरी त्यांना मारण्यास मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नावनोंदणीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पीकहानीबद्दल वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळू शकते. बंदूक उचलण्यापूर्वी हा मार्ग शेतकऱ्यास ठाऊक असणे हिताचे.

यंत्र समजून घ्यावे

प्रचारात असलेल्या बंदुका बहुधा बारा बोअरच्या असतात. नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून हे नाव पडले. जुनी एकनळी वा दुनळी बंदूक मधोमध उघडली की ती भरलेली आहे की रिकामी, हे डोळ्यांना दिसते. पंप अ‍ॅक्शन बंदुकीचे तसे नाही. तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात दडलेली असतात. पुढची मूठ मागे ओढली की वापरलेले काडतूस बाहेर पडते व पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत चढते. त्यामुळे एक काडतूस बाहेर पडले म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज घातक ठरतो. नळकांडे व नळी ही दोन्ही ठिकाणे प्रथम डोळ्यांनी व मग बोटाने तपासल्यावरच बंदूक रिकामी मानावी. मूठ अर्धवट ओढल्यास काडतूस अडकते. म्हणून रिकाम्या बंदुकीवर ही क्रिया हातवळणी पडेपर्यंत करावी.

काडतूस नळीवर कोरलेल्या मापाचेच वापरावे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेल्यास ते पुढे सरकून अडकते; त्यामागे दुसरे भरून बार काढल्यास नळी फुटते. नळीत चिखल वा चिंधी राहिल्यासही तोच धोका असतो. चाप ओढूनही बार न झाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेस धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. बार उशिरा होण्याचा संभव असतो.

हाताळणीचे नियम

प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे. तिचे तोंड गमतीनेही माणसाकडे वा गुराकडे वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य स्पष्ट ओळखल्याशिवाय व त्याच्या पलीकडे काय आहे हे जाणल्याशिवाय बार काढू नये. बारीक छर्रेही दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. मोठे त्याहून पुष्कळ दूर जातात.

यांतील शेवटचा नियम राखणीच्या रात्री सर्वाधिक मोलाचा आहे. अंधारात झुडूप हलते, पाचोळा वाजतो आणि डुक्कर समजून बार काढला जातो. प्रत्यक्षात तेथे शेजारच्या शेताची राखण करणारा माणूस असतो. अशी गोळी परत घेता येत नाही. आवाजावर बार काढावयाचा नाही, एवढे पथ्य पाळले तरी अनेक घरांवरील आघात टळेल. मद्यप्राशन केलेल्याने तर बंदुकीस हातही लावू नये.

घरात आणि समारंभात

बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती लागू नये. पावसाळ्यात कातडी वा कापडी पिशवी ओल धरते व नळीस गंज चढतो. म्हणून नळी पुसून, हलका तेलाचा हात देऊन बंदूक कोरड्या जागी ठेवावी.

बंदूक मित्रास वा भाऊबंदास वापरावयास देऊ नये. ती हरवल्यास पोलीस ठाण्यात तात्काळ वर्दी द्यावी. धारकाचे निधन झाल्यास वारसांनी ती घरात न ठेवता पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी. लग्नात वा मिरवणुकीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनाही येथे कार्य आहे. राखणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत कोण कोणत्या शेतात रात्री थांबणार, हे ठरवून घेता येईल. राखणदारांनी कंदील वा विजेरी जवळ बाळगावी व एकमेकांस हाक देण्याचा संकेत ठरवावा. बंदूक दिसल्यास हात न लावता मोठ्या माणसास सांगावे, हे शाळेत मुलांना शिकविता येईल. यास निधी लागत नाही, आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. शेतावर गेलेला माणूस मात्र सकाळी घरी परतला पाहिजे.