लेखनाचे गुण मुलांना कसे शिकवावेत?

चांगल्या लेखनाचे गुण कोणते, असे वर्गात विचारले की हुशार मुलगा तोंडपाठ उत्तर देतो : प्रसाद, माधुर्य आणि ओज. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच मुलाला सांगून पाहा, 'बाबा रे, पाड्यावर पाणी नाही, एक अर्ज लिहून दे.' तो लिहितो, 'पाण्याअभावी ग्रामस्थांची अत्यंत शोचनीय अवस्था झालेली आहे.' पाणी किती दिवस नाही, विहीर आटली की हातपंप मोडला, घरे किती, यांतले काहीच अर्जात नसते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने करावे तरी काय? गुण पाठ झाले खरे, पण लेखणीत उतरले नाहीत.

ते उतरवायचे कसे? पालघर आणि बोईसर-तारापूरच्या टापूतल्या शिक्षकाला त्याची साधने हाताशीच सापडतील.

पहिला गुण नेमकेपणाचा. पालघरच्या हुतात्मा चौकावर निबंध सांगितला की 'वीरांना कोटी कोटी प्रणाम' हे वाक्य हमखास येते. ते कोणत्याही गावच्या चौकाला चालेल! त्याऐवजी मुलाने एवढेच लिहावे : १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, ते सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा आसपासच्या गावांतले होते. यात एकही विशेषण नाही, तरी वाचणारा क्षणभर थांबतो. ओज म्हणतात ते हेच.

दुसरा गुण काटकसरीचा. वारली चित्र मुलांनी घराच्या भिंतीवर पाहिलेले असते. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, की झाला माणूस! गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच साध्या रेघांच्या कलेसाठी. मुलांना म्हणावे, दहा वाक्ये लिहा आणि मग त्यांतली तीन खोडा. अर्थ उणावला नाही, तर ती तीन वाक्ये जादाच होती.

तिसरा गुण क्रमाचा. किनाऱ्यावरच्या मुलीला बोंबील सुकवायची कृती लिहायला सांगावी. ते धुवायचे केव्हा, जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगायच्या कशा, उतरवायचे केव्हा, हे तिला ठाऊक असते. मग तो कागद जव्हारकडच्या मुलाला वाचायला द्यावा. त्याला एखादी पायरी कळली नाही, तर ती कागदावर आलेलीच नाही, असे समजावे. वाचणाऱ्याला चटकन कळणे, यालाच तर प्रसाद म्हणायचे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. या मुलांच्या घरी वारली असते, मांगेली असते, वाडवळी असते. बोईसरच्या कारखान्यांभोवतीच्या वस्तीत हिंदी आणि भोजपुरीही असते. पहिल्याच ओळीवर लाल शाईच्या रेघा पडल्या की मूल पुढे लिहीतच नाही. लिहिलेच, तर पुस्तकातली वाक्ये उतरवते. त्यात चूक नसते, आणि ते मूलही नसते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरांमागे जात, तर शाळाच कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने केली. लेखनालाही हाच न्याय लावता येईल. मूल आपल्या शब्दांत जे सांगते ते आधी कागदावर येऊ द्यावे. ऱ्हस्वदीर्घ दुसऱ्या वाचनाला पाहता येते. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, कारण अर्ज, परीक्षा आणि कोर्ट तिच्यावाचून चालत नाही. पण ती घरच्या शब्दाशेजारी बसवावी, त्याला हुसकावून नव्हे. माधुर्य बहुधा त्या घरच्या शब्दातच असते.

तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी आठवड्यातून एकदा एवढे करावे. मुलाचे लिखाण दुसऱ्या मुलाने मोठ्याने वाचावे आणि तिसऱ्याला विचारावे, 'काय कळलं?' त्याने 'चार दिवस झाले, हातपंप मोडलाय, तीस घरांना पाणी नाही,' असे सांगितले, तर समजावे, हा अर्ज वाया जाणार नाही.