मिठाचा जमाखर्च

सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरिनला एक हवासा; देवाणघेवाण होते आणि मीठ तयार होते. शाळेतली ही गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की तिचा हिशेब मागावा असे कुणाला वाटत नाही. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो आणि जालक ऊर्जेचे गणित आले की आधी हा हिशेबच फळ्यावर मांडतो. एक मोल सोडियम अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ४९६ किलोज्यूल खर्च होतात. ते क्लोरिनच्या अणूंना दिले की ३४९ परत मिळतात. म्हणजे हा व्यवहार १४७ किलोज्यूलच्या तोट्याचा!

तोटा भरून काढतो तो स्फटिक. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना बसताना जी ऊर्जा बाहेर पडते ती जालक ऊर्जा. पंचाईत अशी की सुट्या वायुरूप आयनांची बरणी घेऊन ती सरळ मोजता येत नाही. मग वळसा घ्यावा लागतो. सिंहगडावर कुठल्याही वाटेने चढा, पायथा आणि माथा तेच असतील तर चढलेली उंची तेवढीच. एन्थाल्पीचेही तसेच, हे हेस यांनी १८४० मध्ये दाखवले होते.

सरळ वाट अशी : घन सोडियम आणि क्लोरिन वायू यांपासून एक मोल मीठ होताना ४११ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणून –४११. वळशाची वाट : सोडियमचे सुटे अणू करायला १०७, आयन करायला ४९६, क्लोरिनचा रेणू फोडायला १२१ (पूर्ण बंधाला साधारण दुप्पट लागतात, पण आपल्याला अर्धाच मोल हवा, विद्यार्थी हमखास इथेच घसरतात), क्लोरिनला इलेक्ट्रॉन देताना –३४९. बेरीज ३७५. तिथून –४११ पर्यंत उतरायचे, म्हणजे जालक ऊर्जा –७८६ किलोज्यूल प्रति मोल. दुसरा इलेक्ट्रॉनही काढू म्हटले तर सोडियमला आणखी सुमारे ४५६० लागतात. एवढे कुठलाच स्फटिक फेडू शकत नाही, म्हणून मिठाच्या सूत्रात सोडियमला एकच क्लोरिन.

या चक्राला माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांची नावे आहेत. दोघे ब्रेस्लाऊ शहरात जन्मलेले, पण एप्रिल १९१५ मध्ये ईप्र इथे हाबर यांच्या देखरेखीखाली शत्रूवर क्लोरिन सोडला गेला, तेव्हापासून बोर्न त्यांना टाळत. युद्धानंतर जेम्स फ्रांक या दोघांच्या मित्राने त्यांना एकत्र आणले आणि १९१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आपल्या चक्रात अर्धा मोल क्लोरिन लिहिताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पाठ्यपुस्तकातला क्रम मात्र त्यांचा नव्हता. आयनांचे भार, त्यांच्यातली अंतरे आणि अगदी जवळ आल्यावरचे प्रतिकर्षण एवढ्यावरून बोर्न यांनी जालक ऊर्जा आधीच कागदावर काढली होती. न सापडणारी गोष्ट होती हॅलोजनांची इलेक्ट्रॉन आसक्ती, आणि चक्राने ती काढून दिली. आज परीक्षेत ती दिलेली असते आणि जालक ऊर्जा विचारतात.

खरी गंमत दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर. मिठाच्या बाबतीत वळशाचे उत्तर आणि निव्वळ विद्युतभारांवरून काढलेले उत्तर काही टक्क्यांत जुळते. सिल्व्हर आयोडाइडच्या बाबतीत सुमारे शंभर किलोज्यूलची तफावत पडते. बेरीज बरोबर असते. चुकते ते चित्र. मोठ्या आयोडाइडचा इलेक्ट्रॉन-ढग चांदीच्या आयनाकडे ओढला जातो, आणि देणे-घेणे म्हणत होतो तिथे थोडी भागीदारी निघते. हा प्रश्न पेपरात बहुधा शेवटी, एक-दोन गुणांसाठी येतो. वर्गात मी त्याला पूर्ण तास देतो.