थंडीत गाडी सुरू होईना? सेल्फ मारत बसण्याआधी आवाज ऐका

नांदे (ता. मुळशी) : थंडी वाढली की पहाटे गावात एक आवाज हमखास ऐकू येतो. घर्र... घर्र... आणि मग गप्प. दुधाचे कॅन भरून तयार असतात, पिकअप हलत नाही. भाजी मार्केट यार्डला पोचायची वेळ टळते. हिंजवडीच्या पहिल्या शिफ्टला निघालेला पोरगा किक मारून घामाघूम होतो. अशा घाईत आपण सेल्फ मारतच राहतो आणि किरकोळ कामाचं मोठं बिल होऊन बसतं.

थंडीत असं का होतं?

बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, म्हणून करंट कमी मिळतो. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. त्यात डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. इंजिन गार असेल आणि वर सेल्फ हळू फिरत असेल, तर ती उष्णता तयारच होत नाही. उन्हाळ्यात कशीबशी चाललेली जुनी बॅटरी पारा १० अंशांखाली आला की उघडी पडते.

आवाजावरून बिघाड ओळखा

१. काहीच आवाज नाही : बॅटरीचे टर्मिनल ढिले आहेत का, ते हाताने हलवून पाहा. ट्रॅक्टर असेल तर गिअर न्यूट्रल आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का तेही बघा. बऱ्याच ट्रॅक्टरला सेफ्टी स्विच असतो, त्याशिवाय सेल्फ लागतच नाही.

२. नुसतं कट-कट : बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली आहे. आधी मायनसची, मग प्लसची वायर काढा. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, कोरडे करा. बसवताना आधी प्लस, मग मायनस. वरून थोडं ग्रीस लावा. चार्ज बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा.

३. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पेटत नाही : आता सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली आहे का, ते आधी बघा. हे फार वेळा होतं. मग फिल्टरखालचं पाणी काढा आणि हातपंप मारून लाइनमधली एअर काढा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. पिकअपला हिटर प्लग असतील तर चावी फिरवून कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा.

डिझेल गोठतं का?

लडाखसारख्या ठिकाणी गोठतं. तिथे २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं. आपल्याकडे ती वेळ येत नाही. पण उन्हाळी आणि हिवाळी डिझेलचे मापदंड वेगळे असतात. उन्हाळ्यात भरून ठेवलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत फिल्टरमध्ये मेणासारखं धरू शकतं. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या ट्रॅक्टरमध्ये थंडीआधी ताजं डिझेल टाका.

दुचाकीवाल्यांसाठी

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चोक ओढा, चावी बंद ठेवून चार-पाच किक मारा, मग चावी चालू करा. गाडी तापली की चोक आत ढकलायला विसरू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शन गाड्यांना चोक नसतो. चावी चालू करून दोन-तीन सेकंद थांबा, पंपाचा बारीक आवाज थांबला की बटण दाबा. अॅक्सिलरेटर पिळत बसू नका.

हे करू नका

- सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळतो.
- एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरू नका. हिटर प्लगच्या इंजिनला स्टार्टिंग स्प्रेही मारू नका, आत स्फोट होऊ शकतो.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गरम करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.
- सेल्फ नीट लागत नाही म्हणून ट्रॅक्टर उताराला लावून ठेवणं धोक्याचं आहे. दगड सरकला की समोर कोण आहे ते ट्रॅक्टर बघत नाही.

जंपर केबल लावताना

प्लसला प्लस जोडा. मायनसची दुसरी क्लिप उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीने पेटतो. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीच्या सुमारास गॅरेजला लोड टेस्ट करून घ्या. ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका. दूध एखाद्या दिवशी उशिरा गेलं तर चालून जाईल. पण रात्री-अपरात्री घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर दारातली गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली पाहिजे.