घरची फिल्टर कॉफी : भांडे, गाळणी आणि कोलेस्टेरॉल

चेन्नईत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात स्टीलचा कॉफी फिल्टर यायला फार दिवस लागत नाहीत. मांबलम किंवा मैलापूरच्या भांड्यांच्या दुकानात लहानमोठे फिल्टर ओळीने मांडलेले असतात आणि बिया भाजून, दळून देणारे दुकानही जवळच सापडते. आमच्याकडेही तसेच झाले. पुढे घरातल्या ज्येष्ठांच्या रक्ततपासणीत एलडीएल वाढलेले निघाले आणि ‘आजपासून कॉफी बंद’ असा हुकूम सुटला. तो हुकूम कितपत योग्य होता, हे समजून घ्यायचे तर कॉफीतल्या तेलापासून सुरुवात करावी लागते.

कॉफीच्या बीमध्ये तेल असते आणि त्या तेलात कॅफेस्टॉल व काहवेऑल ही दोन द्रव्ये असतात. त्यांचा कॅफीनशी संबंध नाही. कॅफीन काढलेल्या कॉफीतही ती असू शकतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो येथील हृदयविषयक पाहणीत 1983 मध्ये असे दिसले की, जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉलही जास्त आहे. तिकडे तेव्हा पूड पाण्यात उकळून कॉफी करण्याची पद्धत रूढ होती. पुढे नेदरलँड्समधील संशोधकांनी दोष कॉफीतल्या तेलाकडे जातो हे दाखवले. त्यांचा हिशेब असा की, रोज 10 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल पोटात गेले तर रक्तातील कोलेस्टेरॉल सुमारे 5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढते. उकळलेल्या किंवा फ्रेंच प्रेसमध्ये केलेल्या कॉफीच्या एका कपात साधारण 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफेस्टॉल असते, कागदातून गाळलेल्या कपात जवळजवळ नसतेच. म्हणजे उकळलेल्या कॉफीचे रोज चार कप घेणाऱ्याला 8 अंकांचा फरक सहज पडू शकतो. ज्याचे एलडीएल आधीच काठावर आहे, त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

कागदी गाळणी ही जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीची 1908 ची युक्ती. मुलाच्या वहीतला टीपकागद तिने भोके पाडलेल्या भांड्यात घातला. तिला फक्त तळाचा गाळ आणि कडवटपणा नको होता. कोलेस्टेरॉलचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

आता आपला दाक्षिणात्य फिल्टर पाहू. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोके, पूड दाबायला दांड्याची चकती आणि झाकण. पूड हलके दाबून वरून कढत पाणी ओतायचे आणि पंधरा-वीस मिनिटे विसरून जायचे. खाली ठिबकते ते डिकॉक्शन. स्टीलची भोके तेल अडवू शकत नाहीत. जे काही अडते ते दाबलेल्या पुडीच्या थरात अडते. म्हणून हा फिल्टर उकळलेल्या कॉफीपेक्षा बरा आणि कागदापेक्षा उणा, असे मी धरतो. याउलट आपल्याकडची जायफळाची कॉफी पूड उकळून चहाच्या गाळणीने गाळली, तर ती थेट नॉर्वेच्या रांगेत जाऊन बसते.

एलडीएल वाढलेल्या माणसाने फिल्टर टाकून द्यायची गरज नाही. कागदी गाळणीतून वरच्या भांड्याच्या तळाएवढी गोल चकती कापावी, ती ओली करून भोकांवर बसवावी आणि मग पूड घालावी. ठिबकणे मंदावते, म्हणून दुकानदाराकडून पूड किंचित जाडसर दळून घ्यावी. कापडी गाळणीही चांगली. सिंगापूरच्या दुकानांत मोज्यासारख्या कापडी पिशवीतून कॉफी गाळतात; त्या कॉफीत कॅफेस्टॉल अत्यल्प आढळले आहे. तमिळ घरांतही एके काळी फडक्यानेच गाळत. मात्र फडके रोज धुऊन पूर्ण वाळवले नाही तर त्यातले तेल खवट होते, आणि चेन्नईच्या दमट हवेत ते वाळवणे हेच खरे काम आहे. इन्स्टंट कॉफीत ही द्रव्ये नगण्य असतात. चवीचे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

भांड्याच्या धातूबद्दल थोडक्यात. स्टील निर्धोक. पितळी फिल्टर आणि डबरा-टंबलर दिसायला देखणे, पण कॉफी किंचित आम्लधर्मी असते. आतली कल्हई उडाली असेल तर पितळेतले तांबे व जस्त पेयात उतरू शकते. आजीच्या वेळचा फिल्टर वापरात काढण्यापूर्वी कल्हई करून घ्यावी, नाहीतर तो शोभेला ठेवावा.

चिकोरी म्हणजे भाजलेले एक मूळ. त्यात कॅफीन नसते आणि कॅफेस्टॉलही नसते, त्यामुळे 80:20 च्या मिश्रणात दोन्ही तेवढ्या प्रमाणात कमी होतात. कायद्याप्रमाणे मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. रोबस्टा बीमध्ये कॅफेस्टॉल अरेबिकापेक्षा कमी, पण कॅफीन जवळजवळ दुप्पट. झोपेची किंवा धडधडीची तक्रार असेल तर अरेबिका, हे त्यावरून ओघाने आले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे आणि 150 मिलिलिटर गाळीव कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण लोह नीट शोषले जात नाही, असेही त्यात म्हटले आहे. पंडुरोग असलेल्या स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

डबऱ्यातून टंबलरमध्ये उंचावरून ओतण्याचा सोहळा केवळ फेसासाठी नाही. 65 अंश सेल्सिअसच्या वरचे अतिगरम पेय अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटले. खुद्द कॉफीवर त्यांनी तसा ठपका ठेवला नाही. दोन-चार वेळा वरखाली केल्याने कॉफी चांगलीच निवते.

आणि दूध! फिल्टरवर इतका खल करताना आम्ही ते विसरलोच होतो. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये 3. दिवसाला चार टंबलरांत मिळून 400 मिलिलिटर दूध जात असेल, तर फुल क्रीममधून 24 ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो, टोन्डमधून 12. आणि त्यातला बराचसा संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणाराच. पिशवी बदलणे हे कागद कापण्याहून सोपे होते, तरी ते आम्हाला शेवटी सुचले.

डॉक्टरांना हे सगळे सांगितल्यावर त्यांनी गोळी चालू ठेवून सकाळी एक आणि दुपारी एक टंबलर मान्य केला. कागदी चकतीच्या कॉफीला ‘अंग’ नाही अशी ज्येष्ठांची तक्रार अजून आहे. दर रविवारी चकती न घालता फिल्टर लावावा, यावर सध्या तह झाला आहे.