ढाल कुठे गेली?

कोंढाण्यावर तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले तो प्रसंग सभासदाने जेमतेम चार ओळींत उरकला आहे. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि वार झेलत लढला. दोघेही ठार झाले. बखर १६९७ सालची, जिंजीत लिहिलेली. म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी. तरी ती वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याला हत्यारांची सवय आहे. कोणी कसा हात फिरवला याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ढालीचं काय झालं, ते मात्र सांगतो.

ही झुंज आपल्याकडच्या पडद्यावर गेल्या शंभर वर्षांत निदान चार वेळा तरी झाली: १९२३, १९३३, २०२० आणि २०२३. मधल्या काळात शिवकालीन, पेशवेकालीन, पोशाखी अशा चित्रपटांमधून शेकडो तलवारी उपसल्या गेल्या. त्यातली कुठली लढत खरी वाटते आणि कुठली नुसती नाचवलेली, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. तलवारीकडे बघत नाही, डावा हात काय करतोय ते बघतो.

त्याला कारण आहे. जुनी तलवार हातात घेतली की आधी मूठ खटकते. ती फारच लहान वाटते. चार बोटं परजेच्या आत कोंबून बसतात आणि मुठीच्या टोकाची वाटोळी तबकडी थेट मनगटाला टेकते. सिनेमात पाहिलेलं आठवून मनगटाने पातं गरागरा फिरवायला जावं, तर ती तबकडी रुतायला लागते. मूठ बनवणाऱ्याची ही चूक नाही. या तलवारीचा वार मनगटातून निघतच नाही. तो खांद्यातून निघतो, आणि पातं अंगाला भिडलं की ते ओढून घ्यायचं असतं. वाकड्या पात्याचं काम चिरायचं, ठोकायचं नव्हे. अशा हत्याराने समोरच्याचा वार अडवत बसलं तर धारेला दाते पडतात आणि हातही अडकून राहतो. अडवायचं काम ढालीचं. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, घुमटासारखी फुगीर, वर चार धातूची फुलं, आत मुठीत धरायचे दोन बंद आणि बोटांच्या पेरांना लागू नये म्हणून मधे छोटी गादी. तालमीत हात बसवायचे तेही फरी-गदग्याने. नुसता गदगा घेऊन कोणी शिकत नसे, डाव्या हातात फरी हवीच.

तेव्हा पडद्यावर दोन मराठे, दोघांचेही डावे हात मोकळे, आणि तलवारीवर तलवार आपटून ठिणग्या पाडताहेत, असं दिसलं की समजावं, ही लढाई सह्याद्रीतली नाही. ती कॅलिफोर्नियातून आली आहे.

ती आली कशी, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवात खरं तर घरचीच होती. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२३ साली ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ केला. रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित करण्याचं धाडस त्यात होतं. त्यातले शेलारमामा होते तरुण व्ही. शांताराम. सभासदाच्या बखरीत तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून मरतात. पोवाड्याच्या आणि कादंबरीच्या परंपरेने उदेभानला मारायला शेलारमामांना पुढे आणलं, आणि पडद्याने ती परंपरा उचलली. त्या काळातले बहुतेक मूकपट नष्ट झाले, त्यामुळे तेव्हा हात कसे चालले याचा निवाडा आज कोणी करू नये. एवढं मात्र खरं, की कोल्हापूर हे तालमींचं आणि मर्दानी खेळांचं गाव. फरी-गदगा धरता येणारा पोरगा शोधायला तिथल्या स्टुडिओला लांब जावं लागलं नसतं.

त्याच सुमारास डग्लस फेअरबँक्सचा ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) आणि त्याच्यामागून ‘रॉबिन हूड’ (१९२२) जगभर फिरत होते. झुंबरावरून झोका घेणारा, गच्चीवरून उडी मारणारा, हसत हसत पातळ तलवार चालवणारा नायक. आपल्याकडे मास्टर विठ्ठलना लोक भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले, आणि ते कौतुकानेच म्हणत. विठ्ठलही महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच वर आलेले. पुढे ‘आलम आरा’चे (१९३१) नायक झाले, पण त्यांची खरी ओळख मारधाडीच्या मूकपटांची. त्या मारधाडीत एक युक्ती सगळीकडे चाले: कॅमेरा सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं दुप्पट चपळ दिसतात. नटांना मात्र सुरक्षित, संथ हात करता येतात. आजही जुन्या लढतींत पाय जमिनीवर टिचकत चालल्यासारखे दिसले, तर ती त्या युक्तीची खूण.

बोलपटांच्या काळात हॉलिवूडने ही कला पक्की केली. ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) मधली एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोनची जिन्यावरची झुंज अजूनही मजा देते. गंमत अशी की दोघांत खरा तलवारबाज रॅथबोन. मरायचं मात्र त्यालाच. लढत बसवली फ्रेड केव्हन्स या फेन्सिंग मास्टरने. हात मोठे, ऐसपैस, शेवटच्या रांगेलाही कळतील असे. वार माणसावर नाही, समोरच्याच्या तलवारीवर. हे सगळं फेन्सिंगच्या सडपातळ, सरळ पात्याला शोभतं, कारण तिथे अडवणंही पात्यानेच होतं आणि डावा हात मोकळाच असतो.

इकडे १९४८ साली एस. एस. वासन यांचा ‘चंद्रलेखा’ आला, तामिळमध्ये आणि मग हिंदीत. त्यातल्या रंजनने आणि एम. के. राधाने शेवटी केलेली लांबलचक तलवारबाजी देशभर गाजली. रंजनला हात होता, यात वाद नाही. पण तो हात फेन्सिंगचा. मेहबूबच्या ‘आन’मध्ये (१९५२) दिलीपकुमार आणि प्रेमनाथ भिडले तेही याच घराण्यातले. यानंतर पोशाखी चित्रपटात ढाल म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू झाली. का, ते उघड आहे. ढालीने नटाचा चेहरा झाकला जातो, आणि ज्याच्या चेहऱ्यावर तिकिटं विकली जातात तो झाकून कसं चालेल?

भालजी पेंढारकरांबद्दल लिहिताना लेखणी जरा जपून चालवावी लागते, कारण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढचे शिवाजी महाराज बरेचसे त्यांनी घडवलेले. ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४). चंद्रकांत-सूर्यकांत या मांडरे बंधूंचं अंग तालमीत कमावलेलं, उभं राहणं रुबाबदार. तलवार कंबरेला लावून घोड्यावरून उतरणारा माणूस कसा दिसतो, हे त्यांच्याकडून शिकावं. पण लढाई सुरू झाली की भालजींचा जीव संवादात गुंतलेला दिसतो. दोन वार, एक ठसका, पुन्हा दोन वार. खऱ्या झुंजीत ज्याला बोलायला श्वास उरतो तो जिंकत आलेला असतो किंवा मूर्ख असतो. भालजींना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांना तलवार नको होती, वाक्य हवं होतं, आणि वाक्य त्यांनी चोख दिलं.

बाहेर मात्र याच काळात लोक उलट दिशेला निघाले होते. कुरोसावाच्या ‘सान्जुरो’त (१९६२) शेवटी दोन तलवारबाज कितीतरी वेळ नुसते समोरासमोर उभे राहतात आणि एकाच झटक्यात सगळं संपतं. रक्ताचा तो फवारा अतिरंजित आहे, पण आधीची स्तब्धता अस्सल. पंधरा वर्षांनी रिडली स्कॉटच्या ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये (१९७७) विल्यम हॉब्स यांनी बसवलेल्या लढती आल्या. त्यातल्या एकीत दोन फ्रेंच अधिकारी इतके दमतात की सेबर उचलवत नाही. रक्ताने माखून एकमेकांवर कोसळतात. तलवार जड होत जाते, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणी दाखवली नव्हती. आपल्याकडे तर अजूनही नायकाचा शेवटचा वार पहिल्यापेक्षा वेगवान असतो.

आपल्या पडद्यावर मधली काही दशकं पोकळच गेली. ऐतिहासिक पट महाग, ते काम दूरदर्शन आणि नंतर वाहिन्यांनी उचललं. परत मोठ्या पडद्यावर तलवार आली तेव्हा तिच्यावर ‘३००’ची (२००६) छाप होती: धाव वेगात, घाव संथ, पुन्हा वेग. रक्ताचे थेंब हवेत मोजता येतात. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) दिसायला श्रीमंत आणि लढायला हलका. ‘तान्हाजी’ (२०२०) थ्रीडीत होता, हे विसरून त्याची चिकित्सा करणं अन्यायाचं होईल. त्याला प्रेक्षकाच्या अंगावर दोर, भाले आणि नागीण नावाची अवाढव्य तोफ फेकायची होती. तानाजीचा हात तुटतो, आणि त्यानंतरही झुंज चालू राहते. बखरीत जे आहे त्याच्या हे जवळचं वाटतं, पण नाही. तिथला ताण एका साध्या गैरसोयीत आहे: दुसरी ढाल मागितली आणि ती वेळेवर आली नाही. कोणी आणत होतं का, वाटेत पडलं का, अंधारात हाक ऐकू गेली का? एवढ्याशा प्रश्नावर एखाद्या दिग्दर्शकाने पाच मिनिटं खर्च करावीत असं मला फार वाटतं. आपल्या ऐतिहासिक पटांत ढाल बहुधा तुटण्यापुरतीच येते.

दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटांना खर्चाला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांना थोडं झुकतं माप द्यावंसं वाटतं. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२), मग ‘सुभेदार’ (२०२३), ज्यात अजय पूरकर तानाजी झाले. बाजीप्रभूही तेच होते. त्यांतल्या दांडपट्ट्याबद्दल मात्र एक कुरकुर आहे. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट पुरतं बंद. हात, खांदा, कंबर मिळून एकच हालचाल. तो फिरू लागला की त्याच्या घेरात शत्रू शिरत नाही आणि मित्रही शिरत नाही. मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकात वस्ताद पट्टा फिरवत जमिनीवरच्या लिंबाचे दोन तुकडे करतो, तेव्हा पोरं आपसूक चार पावलं मागे सरतात. सिनेमात हेच प्रात्यक्षिक लढाई म्हणून दाखवतात. खिंडीसारख्या अरुंद जागेत पट्टेवाल्याच्या खांद्याला खांदा लावून आणखी चौघे लढताना दिसले की मला शत्रूपेक्षा त्या चौघांची काळजी वाटते.

‘छावा’त (२०२५) संगमेश्वरची झटापट चांगलीच लांबवली आहे. विकी कौशलने अंग मोडून काम केलंय, ते दिसतं. मुकर्रबखानाचा छापा अचानक पडला होता, माणसं थोडी होती. असले प्रसंग पटकन संपतात, म्हणूनच भयंकर असतात. पडद्यावर हल्लेखोर एकेक करून येतात आणि बाकीचे पाळी येईपर्यंत हत्यार परजत उभे. ही सवय मूकपटांपासूनची आहे, एकट्या ‘छावा’ला बोल लावून उपयोग नाही. चिलखताचंही तेच. कड्यांच्या चिलखतावर तलवारीचा वार बहुतेक घसरतो; कट्यारीचं टोक जाड, टणक ठेवायचे ते कड्या फोडून आत घुसावं म्हणून. सिनेमात चिलखत घातलेला माणूस उघड्या माणसापेक्षा लवकर मरतो.

आणि तो आवाज! म्यानातून तलवार निघताना होणारा छन्नकन आवाज. आपली म्यानं लाकडाची, वरून चामडं किंवा मखमल. लाकडातून पातं निघताना फार तर घासल्यासारखं होतं. लाकूड मुद्दाम, धार टिकावी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅप्टन नोलान या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने निजामाच्या स्वारांबद्दल लिहिताना हेच नोंदवलं. इंग्रजांनी टाकून दिलेली पाती हे स्वार धार लावून लाकडी म्यानात ठेवत आणि भयानक जखमा करत. तीच पाती पोलादी म्यानात बोथट होत. आपल्या साउंड डिझायनरांनी एकदा लाकडाचा आवाज वापरून बघावा.

जवळच्या हत्यारांत मात्र आपला पडदा बऱ्यापैकी प्रामाणिक राहिला, त्याचं श्रेय प्रतापगडाला. १६५९च्या अफझलखानाच्या भेटीत नाचायला जागाच नव्हती. मिठी, मान काखेत दाबलेली, कुशीत जमदाड, आतल्या चिलखतावर तिची खरखर, मग वाघनखं आणि बिचवा. सभासदाने तो खरखरण्याचा आवाजही टिपलाय. हे इतकं ठरलेलं आहे की कुठल्याही दिग्दर्शकाला फार बिघडवता येत नाही. ‘शेर शिवराज’ (२०२२) पाहताना हेच वाटलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ साली साताऱ्याला आली तेव्हा रांगा लागल्या. ती महाराजांचीच का, याची खात्री ते म्युझियमही देत नाही. पण बघणाऱ्यांनी काचेपाशी आपली बोटं वाकवून बघितलीच असतील: हत्यार मुठीच्या आत, बाहेर फक्त दोन अंगठ्या, आणि मारायचं तर समोरच्याला आधी छातीशी धरायला हवं. कॅमेऱ्याला तिथे दुसरा कोन सापडत नाही.

खानाचा सय्यद बंडा पुढे सरसावतो तो या मिठीनंतर, पट्टा घेऊन, आणि जिवा महाला त्याचा हात उडवतो. इथे पुन्हा अंतर आलं, मोकळी जागा आली, की पडद्यावर लगेच संथ गती सुरू होते.