सुटी सिगारेट, सुटलेला कायदा

वसई पूर्वेला, अहमदाबाद महामार्गाच्या अलीकडे सातिवलीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रांगेने गाळे, आत यंत्रांची धडधड, बाहेर टेम्पोंची ये-जा. सकाळची पाळी सुरू होण्याआधी इथल्या पानटपऱ्यांवर कामगारांची गर्दी असते. तंबाखूवरचा सरकारी कर आणि कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

टपरीवाला सिगारेटचं नवं पाकीट घेतो, नखाने वरची पारदर्शक पट्टी ओढून काढतो, चंदेरी कागद फाडतो आणि पाकीट उघडंच फळीवर ठेवतो. त्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग कर्करोगाचं चित्र आणि इशारा यांनी भरलेला आहे. हा नियम १ एप्रिल २०१६ पासून आहे. पण गिऱ्हाइकाला पाकीट दिसतच नाही. ‘दादा, एक छोटी द्या,’ एवढं म्हटलं की दोन बोटांत धरून एक सिगारेट पुढे येते. दोरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटते आणि माणूस गाळ्याकडे चालू लागतो. छापील किंमत, चित्र, इशारा सगळं टपरीतच राहतं.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी केली, ती नेमकी याच कारणासाठी. बंदी कागदावर आजही आहे. टपरीवर मात्र ती कुणाच्या गावीही नाही.

शेजारी उभा असलेला दुसरा कामगार तंबाखूची पुडी दाताने फाडतो. चिमूटभर तंबाखू तळहातावर, त्यावर डबीतला चुना, मग अंगठ्याने मळणं. दुसऱ्या हाताची थाप मारून भुकटी उडवली की उरलेली चिमूट ओठामागे जाते. पाळीभर सुटी नसते, यंत्रापाशी बिडी ओढता येत नाही. तंबाखू मात्र काम करता करता चालते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करताना आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य चघळणारे, खाणारे होते. म्हणून फक्त सिगारेटीकडे बघून आपला प्रश्न कळत नाही.

आता कराचं गणित. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट आणि खायच्या तंबाखूवर ४० टक्के जीएसटी आहे. शिवाय सिगारेटवर लांबीप्रमाणे हजार नगांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क, म्हणजे एकेका सिगारेटीमागे दोन ते साडेआठ रुपये. तंबाखूच्या पुड्या इतक्या लहान आणि इतक्या असंख्य की मोजदाद करणं अवघड. म्हणून तिथे पुड्या भरणाऱ्या यंत्राचा वेग बघून शुल्क ठरतं. बिडीवर मात्र जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण बिडी फुफ्फुसाला सिगारेटीइतकीच घातक आहे. पाकीट महागलं की माणूस सुटी सिगारेट घेतो, तीही परवडेनाशी झाली की बिडीवर येतो. कर वाढला, व्यसन मात्र स्वस्त वाटेने चालूच राहिलं.

गुटख्याचं तर आणखी वेगळं. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखा-पानमसाल्यावर बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचा आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. तरीही याच अहमदाबाद महामार्गावर, तलासरी-मनोरकडे, गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या येत राहतात. जो माल चोरवाटेने येतो, त्यावर ना धड बंदी चालते, ना सरकारला कर मिळतो.

सरकारने कारखान्याच्या दारात यंत्रं मोजायला सुरुवात केली, हे योग्यच झालं. पण कारखान्यापासून ओठापर्यंतची शेवटची कडी टपरी आहे आणि तिथे मोजणारं कुणी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना सुचवलं होतं की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेचा परवाना सक्तीचा करा आणि त्या दुकानात बिस्किटं, गोळ्या, चिप्स विकू देऊ नका, म्हणजे लहान मुलं तिकडे वळणार नाहीत. सातिवलीसारख्या वस्तीत हे काम वसई-विरार महापालिकेचं आहे. परवाना असला की सुटी विक्री केल्यावर तो रद्द करण्याची भीती घालता येते. शाळेपासून शंभर यार्डांचं अंतरही मोजता येतं. टपरीवाला गरीब आहे, त्याला उठवून लावा असं कुणी म्हणत नाही. त्याला नियम सांगा, दुसरा माल विकायला मदत करा आणि मग नियम पाळायला लावा.

एक गोष्ट मात्र महापालिकेची वाट न बघता करता येते. प्रत्येक पाकिटावर आणि पुडीवर व्यसन सोडण्यासाठी मोफत दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो: १८००-११-२३५६. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या नजरेला तो कधीच पडत नाही. तुमच्या गाळ्यात, कचेरीत, सोसायटीच्या फलकावर तो ठळक अक्षरांत लिहून लावा.