बोलणं पडद्यातून यावं म्हणून

पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा होम थिएटरमध्ये चित्रपटातलं बहुतेक बोलणं एकट्या सेंटर स्पीकरमधून येतं. तरीही घरोघरी जागा सगळ्यात शेवटी मिळते ती त्यालाच. शोकेसमध्ये जिथे उरेल तिथे.

रिसोड तालुक्यातल्या केनवडला एका घरी हे बसवण्याचं काम मी शेजारी बसून पाहिलं. स्लॅबची खोली, खाली गुळगुळीत फरशी, समोर 55 इंची टीव्ही आणि त्याच्याखालच्या शोकेसमध्ये आत ढकललेला सेंटर स्पीकर. सोफ्यावरच्या आजींची तक्रार अगदी नेमकी होती. "गाणं चांगलं येते, पण बोलते काय ते समजून नाही रायलं."

बसवणाऱ्या तरुणाने आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. त्याने स्पीकर पुढे ओढला, इतका की त्याचा चेहरा फळीच्या कडेपेक्षा जरासा पुढे आला. "आजी, आता आयका बरं." फरक मलाही कळला. कप्प्यात खोल ठेवलेल्या स्पीकरचा आवाज आतल्या भिंतींवर आपटून घुमतो आणि पुढची फळी त्याचा काही भाग परत फेकते. त्यात खर्ज फुगतो आणि व्यंजनं बुजतात. साल की शाल, हे अशा वेळी अंदाजाने ओळखावं लागतं. स्पीकरच्या मागे राहिलेली पोकळी त्याने घडी घातलेल्या जुन्या चादरीने भरली.

ही अडचण मुळात घरातली आहे. चित्रपटगृहात स्पीकर पडद्यामागे असतो आणि पडद्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे आवाज नटाच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. मधल्या स्पीकरची गरजही मोठ्या सभागृहातच लक्षात आली. 27 एप्रिल 1933 रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेलं वाद्यवृंदाचं वादन वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, ते डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाटांनी. दोनच स्पीकर असले की कडेला बसलेल्याला सगळा आवाज जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो आणि मध्ये पोकळी राहते.

टीव्हीमधून मात्र आवाज आरपार जात नाही. मग स्पीकर खाली ठेवायचा की वर? दोन्ही चालतं, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. आपले कान डावीकडे-उजवीकडे आहेत, म्हणून समोरचा आवाज आडवा एखाद-दोन अंश सरकला तरी कळतो. उंचीतला फरक तितका पकडता येत नाही आणि उरलेलं काम डोळे करतात. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातातला बाहुला अर्धवटराव बोलतो असं वाटतं, कारण ओठ त्याचे हलताना दिसतात. म्हणून स्पीकर टीव्हीच्या वर किंवा खाली असला तरी खपतो, पण शोकेसमध्ये जागा नाही म्हणून बाजूला सरकवला तर खपत नाही.

खाली ठेवला तर तोंड मात्र कानाकडे हवं. इथे स्पीकर जमिनीपासून 35 सेंटिमीटरवर होता, बसलेल्या आजींचा कान साधारण 100 सेंटिमीटरवर आणि मधलं अंतर 11 फूट. म्हणजे सुमारे 11 अंश वर बघायला हवं. आठ इंच खोल डब्याची पुढची बाजू दीड इंच उचलली की एवढा कल मिळतो. त्याने सुताराकडून दोन लाकडी पाचरी आणल्या होत्या.

एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात. मध्ये बारीक आवाजाचा ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना जाड आवाजाचे वूफर असा आडवा डबा दिसायला सुबक असतो, पण कडेच्या खुर्चीवरून ऐकताना दोन वूफरांची अंतरं वेगळी पडतात. फरक साडेआठ सेंटिमीटरचा झाला तर 2,000 हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना मारतात, आणि बोलणं स्पष्ट करणारा पट्टा नेमका तोच. आजींची जागा आधी टोकाला होती. सोफाच फूटभर सरकवून त्यांना मधोमध आणलं, हे मला योग्य वाटलं.

शेवटी टेप काढून प्रत्येक स्पीकरपासून आजींच्या कानापर्यंतचं अंतर मोजलं आणि अॅम्प्लिफायरमध्ये भरलं. आवाजाला 34 सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्र त्या हिशोबाने थांबवून ठेवतं. गुळगुळीत फरशीवरून आवाज परत फिरू नये म्हणून सोफा आणि शोकेस यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरायला सांगून तो पुढच्या कामाला गेला.